देवामागे ठेवलेल्या जावा

९ मार्च

वन्सं,

पाया पडते. फोन करून उपयोग नाही हे ठाऊक आहे. मागच्या वेळी मी घसा फोडून तुमची तब्येत विचारली आणि तुम्ही मला मांजरीच्या पिल्लांची हकिगत सांगितलीत. म्हणून लिहिते. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, पाठ कोरी होती.

तुमच्या भावाचे हात थरथरतात. थंडीत सुरू झालं तेव्हा मला वाटलं गारठा असेल. मग यांनी बशीतून चहा प्यायचं सोडलं. मग शर्टाची वरची दोन बटणं उघडीच राहायला लागली. विचारलं तर म्हणाले, उकडतं. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हा कंप आता जाणार नाही, हळूहळू वाढेल. यांनी त्यांना ऐकवलं, "बोल्ट सैल झाला की इंजिन असंच हलतं. आवळला की थांबतं." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

आता खरं सांगायचं ते. खाली वर्कशॉपमध्ये निवृत्त वकिलांची जुनी रेसची गाडी आली आहे. दोघांपुरती, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. पुढची दोन्ही चाकं काढून गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, चढवून ठेवली आहे. दोन्ही चाकांमागच्या स्प्रिंगा उतरवायच्या आहेत, कारण आतली रबरं कुजली आहेत. तुम्हाला यातलं काय सांगायचं. पण मी माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हाला कळेल.

ती स्प्रिंग मनगटाएवढी जाड, दाबून बसवलेली. तिच्याखाली लोखंडी थाळी, थाळीला चार बोल्ट. चारही एकदम काढले तर स्प्रिंग थाळीसकट उसळते आणि समोर जो असेल त्याचं तोंड राहत नाही. म्हणून आधी समोरासमोरचे दोन काढायचे, त्या भोकांत आटे पाडलेल्या दोन लांब सळया घालायच्या, खालून नट लावायचे, मग उरलेले दोन बोल्ट काढायचे. त्यानंतर नट थोडा इकडचा, थोडा तिकडचा सैल करत जायचं. थाळी सरळ खाली येते आणि स्प्रिंग म्हातारं माणूस खुर्चीतून उठतं तशी सावकाश मोकळी होते. मामंजींनी त्या सळया स्वतः केल्या, तुम्ही त्यांना कानस मारली, आणि मामंजींनीच त्यांना जावा म्हणायला सुरुवात केली. एक पुढे गेली की दुसरी वाकड्यात जाते, म्हणून.

काल यांनी जावा काढून पुसून ठेवल्या. मी चहा घेऊन गेले तर हे कशाला तरी पाना लावून बघत होते. पाना नटवर बसेना. नटभोवती नुसता वाजत होता, टकटकटक, दात वाजावेत तसा. मला पाहून खाली टाकला आणि म्हणाले, "पायावर पडता पडता वाचला." पडला नव्हता, वन्सं. टाकला होता.

मी म्हटलं, वकिलांना सांगा दुसरीकडे न्या. म्हणाले, "दुसरीकडे कुठे? असली गाडी हातात घेणारा राहिलाय का कुणी? हे एवढं झालं की थांबतो." हे वाक्य आधीच्या दोन गाड्यांनाही म्हणून झालंय.

देवाला रोज सांगते. तुम्हालाही सांगून ठेवते. काय करू?

तुमची,
वहिनी

१५ मार्च

वहिनी,

आशीर्वाद तुला न लिहिता पोचतात, शाई वाचवते. तुझं कॅलेंडर मिळालं. पत्राबरोबर सरलेल्या वर्षातल्या अमावास्याही वाचून झाल्या.

तुला सगळं बरोबर कळलंय. एक सांगायचं राहिलं: नट फिरवताना हात थांबला तर चालतो, हलला तर नाही. अर्धवट सैल झालेली थाळी कलली की स्प्रिंग बाजूने निसटते. बाबांच्या दुकानात एकदा निसटली होती. ती छपराच्या पत्र्यातून बाहेर गेली आणि बाबा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

तुझ्या नवऱ्याला, आमच्या धाकट्याला, समजावण्यात वेळ घालवू नकोस. तो लहानपणी तापात असतानाही "मी ठीक आहे" म्हणत अंगणात पडला होता. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी कबड्डी.

जावा लपव.

त्यांच्याशिवाय ती थाळी उतरत नाही. बाजारात त्या मिळत नाहीत. गाड्याच उरल्या नाहीत तर त्यांची हत्यारं कोण विकेल? त्याने शोधू देत. चिडेल, ओरडेल, मग गाडी परत करील. तो कधीच हात घालणार नाही अशा जागी ठेव. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. बाबा गेल्यावर दुकान त्याला मिळालं आणि मला निरोप, त्यानंतर मी त्या दारात पाऊल टाकलेलं नाही. माझं नाव निघालं तर तो हट्टाने चारही बोल्ट दातांनी काढील.

माझं ठीक. शिलाईमशिनं येतात, दुरुस्त होतात, जातात. ती ओरडली तरी मला ऐकू येत नाहीत, त्यामुळे आमचं जमतं.

तुझी वन्सं

२४ मार्च

वन्सं,

पाया पडते. तुमच्या शब्दावर विसंबले आणि घरात शांतता आली. म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

जावा देवामागे ठेवल्या. देवाची फळी मी पुसते, दिवा मी लावते. हे तिकडे फिरकत नाहीत, फळीला कधी बोटसुद्धा लावत नाहीत. जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळल्या आणि देवाची क्षमा मागितली. म्हटलं, तुझ्यापाशी लपवतेय, तुझ्यापासून नाही.

यांनी वर्कशॉप पालथं घातलं. फळ्या उतरवल्या, डबे ओतले, कामाच्या टेबलाखाली आडवं होऊन बघितलं. शेजारच्या गॅरेजवाल्याला विचारून आले. वकिलांवरही संशय घेतला, वकील म्हणाले, "अहो, माझी गाडी तुमच्याकडे अडकलीय, मी तुमचं हत्यार कशाला पळवू?" मग मला विचारलं. मी म्हटलं, तुमच्या वस्तू मला काय ठाऊक. खोटं बोलताना भांड्यांकडे तोंड होतं.

त्यानंतर हे गप्प झाले. राग नाही, आदळआपट नाही, तुम्ही म्हणाला होतात तसं ओरडणं नाही. नुसते खुर्चीत बसून हातांकडे बघायचे. एकदा मला विचारलं, "काल आपण काय जेवलो?" मी सांगितलं. मान हलवली. मला वाटलं, मनातून गाडी सोडत आहेत, वेळ लागणारच.

आणि मंगळवारी सकाळी उठून दाढी केली. दोन ठिकाणी कापलं, पण शीळ वाजवत होते. मला म्हणाले, "तुझ्या खजिन्यात त्या आटेवाल्या सळया होत्या ना? लांबलांब?" होत्याच. समोरच्या ऑफिसचं खोटं छत काढलं तेव्हा त्यांनी कचऱ्यात टाकल्या होत्या, छत टांगायच्या सळया. नव्यासारख्या. न्हाणीघरात पडदा लावायला होतील म्हणून मी पलंगाखाली ठेवल्या होत्या. काढून दिल्या तर यांनी हातात घेऊन फिरवून बघितल्या आणि म्हणाले, "तू साठवलेलं कधी वाया जात नाही." वन्सं, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या साठवणीला हे आजवर भंगार म्हणत आले. मी आत येऊन डोळे पुसले.

आता दिवसभर खालून कानशीचा आवाज येतो. काय करताय विचारलं तर म्हणतात, "तुझ्यासाठी स्टँड." कानशीला हात थरथरला म्हणून बिघडत नाही ना? ती काही उसळत नाही. वकिलांची गाडी अजून घोड्यांवर आहे, पण ते नेतील आज-उद्या.

देव ऐकतो. तुमच्या अकलेतून ऐकतो कधीकधी.

तुमची,
वहिनी

३० मार्च

वहिनी,

पत्र हातात घेऊन आधी खाली जा. उरलेलं तिथे वाच.

तो स्टँड करत नाहीये. तो जावा करतोय.

अक्कल माझी गेली होती. ज्याला हत्यार करता येतं त्याचं हत्यार लपवून काय मिळणार? बाबांनी आम्हाला तेच तर शिकवलं: नसेल तर कर. मी चाळीस मशिनांची हत्यारं स्वतः केलीत आणि तुला सांगते, लपव.

छताच्या सळया नुसता पुठ्ठा धरून राहायला असतात. लोखंड मऊ. आम्ही घेतल्या होत्या त्या कडक पोलादाच्या, कानस घसरायची त्यांच्यावरून, माझ्या बोटांची सालं गेली होती. मऊ सळईवर त्या स्प्रिंगचा भार आला की आटे सोलून निघतात आणि नट सुटतो. त्याला हे कळतं. एरवी त्याने ती सळई हातातही धरली नसती. कसल्या तरी घाईत आहे तो, आणि ती कसली ते मला कळत नाही.

त्याच्या जावा त्याला परत दे. आत्ता. माझं नाव घे, शिव्या खाऊ दे मला.

आणि त्याने काम सुरू केलं असेल, थाळी मऊ सळयांवर लोंबत असेल, तर त्या सळयांना हात लावू नका. सैलही नको, घट्टही नको. थाळीची दोन भोकं मोकळी असतील. खऱ्या जावा त्यांत घालायच्या. बाजूने हात घालायचा, थाळीखाली डोकं नाही, समोर तोंड नाही. नट आधी हाताने, मग पान्याने, दोन्हींना सारखं, भार त्यांच्यावर येईपर्यंत. बाबा म्हणायचे, घाई झाली की थांब आणि नाक पूस.

शेजारच्या मुलीला तुमच्याकडे फोन लावायला बसवलं आहे. ती म्हणते वाजतोय, कुणी उचलत नाही. हे पत्र घेऊन स्टेशनवर जाते, गाडीच्याच टपालात टाकते.

तुझी वन्सं

४ एप्रिल

वन्सं,

हे आहेत. धडधाकट म्हणवत नाही, पण आहेत. आधी एवढं वाचून श्वास घ्या.

फोन वाजत होता तो आम्हाला दोघांनाही ऐकू येत होता. उचलायला हात मोकळे नव्हते.

त्या दुपारी मी भांडी घासत होते आणि खालून हाक आली, "अगं." एवढीच. यांची हाक मला पाठ आहे. पाना हवा असला की वेगळी, भूक लागली की वेगळी. ही त्यातली कुठलीच नव्हती. तशीच ओल्या हातांनी उतरले.

हे गाडीच्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरलेले. समोर थाळी तिरकी लोंबत होती आणि तिच्यावर ती स्प्रिंग, अर्धी सुटलेली, एका अंगाने फुगलेली. माझ्या सळया मी ओळखल्या. एकीवरचे आटे सोलून बारीक तार खाली लोंबत होती.

"हात चालत नाहीये," हे म्हणाले. "पाना नटवर बसत नाही. तू वर जा. दार लावून घे."

"आणि तुम्ही?"

"मी बघतो."

"काय बघता?"

"मी असा उठून आलो तर हे कधीही सुटेल. रात्री सुटेल, उद्या सुटेल. वकील बघायला येतील तेव्हा सुटेल. माझ्या हातचं काम आहे, असं सोडून येता येत नाही. जा तू."

मी गेले. यांना वाटलं, ऐकलं. मी देवाची फळी पुढे ओढली, दिवा कलंडला, तेल सांडलं, पुसायला थांबले नाही. अभ्रा तसाच घेऊन खाली आले आणि यांच्यासमोर उलगडला.

यांनी जावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठे होत्या?"

"देवामागे."

"कुणी ठेवल्या?"

"मी."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडायला हवे होते. यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि हे लहान मुलासारखे रडायला लागले. म्हणाले, "मला वाटलं मीच कुठेतरी ठेवल्या आणि विसरलो. हात गेले ते कळलं होतं. म्हटलं, आता डोकंही चाललं."

वन्सं, मी हे तीनदा लिहून तीनदा खोडलं, म्हणून कागद असा दिसतोय. ते गप्प बसायचे ना, काल काय जेवलो विचारायचे, तेव्हा ते स्वतःची परीक्षा घेत होते. आणि मी तुम्हाला लिहिलं की घरात शांतता आली. डोकं जागेवर आहे की नाही हे बघायला त्यांनी नव्या जावा करायला घेतल्या. मऊ सळया त्यांना कळल्या नाहीत असं नाही. म्हणाले, "कळत होतं. पण कडक आणायला बाजारात गेलो असतो आणि तिथे माप विसरलो असतो तर?"

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला.

मी म्हटलं, सांगा कसं करायचं. म्हणाले, तुला नाही जमणार. म्हटलं, नाही जमलं तर दोघं जाऊ, देवाला एकच हेलपाटा. यांना हसू आलं की हुंदका, कळलं नाही. पण सांगायला लागले. तुमचं पत्र परवा आलं, त्यातही तेच शब्द. बाजूने हात घाल. डोकं खाली नेऊ नकोस. समोर तोंड नको. आधी हाताने, मग पान्याने. मी घाई केली तेव्हा म्हणाले, "थांब. नाक पूस." मला वाटलं खरंच नाक वाहतंय, म्हणून पदराने पुसलं.

जावा घातल्या. नट लावले. एकीला थोडं, दुसरीला थोडं. हे माझ्या मागे बसले होते, बोलत होते, आणि त्यांच्या हातांची थरथर मला पाठीला कळत होती. भार जावांवर येतोय असं हे म्हणाले आणि तेवढ्यात ती सोललेली सळई तुटली. आवाज मी सांगू शकत नाही. नट उडाला तो खिडकीच्या काचेतून बाहेर गेला. थाळी बोटभर खाली आली आणि थांबली. तुमच्या जावांवर थांबली.

मग मी ती उतरवली. किती वेळ लागला माहीत नाही. शेवटी स्प्रिंग मोकळी होऊन थाळीत नुसती उभी राहिली, दोन हातांनी उचलून मांडीवर घेतली. जड होती, पण आता ती नुसतं लोखंड होती. हे म्हणाले, "जावांवरचं ग्रीस पूस, माती बसेल."  

लपवायला तुम्ही सांगितलंत हे मी त्यांना सांगितलं नाही. हात माझे होते.

आता पुढचं. दुसरी बाजू राहिली आहे. गाडी एका अंगाने उघडी, एका अंगाने बंद अशी घोड्यांवर उभी आहे. अशी परत द्यायची नाही म्हणतात, आणि हात लावणार नाही असंही म्हणतात. पण खाली खुर्ची टाकून त्या दुसऱ्या बाजूकडे बघत बसतात. जावा मी परत देवामागे ठेवल्या. जागा त्यांना ठाऊक आहे, आता लपवण्यात अर्थ नाही. आणि वन्सं, आता ते रोज सकाळी देवासमोर येऊन बसतात. मी लग्न झाल्यापासून हेच मागत होते. हात जोडले की त्यांचे हात कमी थरथरतात, मी बघितलं. पण ते देवाकडे बघतात की मागच्या अभ्र्याकडे, ते मला ओळखता येत नाही. मी तिथून हलत नाही. भाजी आणायला जाताना अभ्रा पिशवीत घालून नेते. दुकानदार म्हणाला, ताई, पिशवीत काय लोखंड घालून फिरता?

असं किती दिवस फिरणार? एकदा केलं ते देवाने माझ्या हातून करून घेतलं, पुन्हा एकटीने जमणार नाही. त्या दाराशी तुमचा राग आहे, मला माहीत आहे. तरी विचारते. एका जावेवर मी आहे. दुसरीवर कोण?

तुमची,
वहिनी

११ एप्रिल

वहिनी,

हे पत्र धाकट्याला मोठ्याने वाचून दाखव. खोडलेलं काही नाही, सगळं वाच.

धाकट्या, जावा लपवायला मी सांगितलं. वहिनीचे फक्त हात. तुझं डोकं जागेवर आहे. त्या तू हरवल्या नव्हत्यास, विसरला नव्हतास. त्या तुझ्या घरात, तुझ्या बायकोने, माझ्या सांगण्यावरून, तू आयुष्यात जिथे बघितलं नाहीस तिथे ठेवल्या होत्या. परवा काय जेवले ते मलाही आठवत नाही. दुकानाबद्दलचा माझा राग आहे तसा आहे, तो मी पिशवीत घालून आणीन, वहिनी लोखंड आणते तसा. आपण बसून बोलू. तू बोल, मी तोंडाकडे बघून ओळखीन.

गुरुवारी पोचते. मशिनं शेजारच्या मुलीवर सोपवली.

दुसरी बाजू मी आणि वहिनी उतरवू. तू खुर्चीत बसायचं आणि सांगायचं. मला ऐकू येणार नाही, तेव्हा वहिनी, तो म्हणेल तशी तू मान हलव. मी तुझ्याकडे बघून फिरवीन.

उरलेली मऊ सळई न्हाणीघराच्या पडद्याला लाव. ती त्याच कामाची होती.

आणि हा शेवटचा भाग त्याला वाचून दाखवू नकोस. मी येईपर्यंत जावा पिशवीत घेऊन फिरू नकोस. देवामागेच राहू देत. त्याला तिथे बसायला काहीतरी कारण हवं.

तुझी वन्सं